सिस्टर व्हायचंय, पण वय 43

सुनंदाताईंनी (नाव बदललं आहे) पर्समधून आधी प्रवेशाचा फॉर्म काढला, मग प्रश्न. "मुलगी कॉलेजात आणि तिच्याबरोबर मीही कॉलेजात! लोक हसतील ना, मॅडम?"

अठरा वर्षं हिशेबाची नोकरी. त्यातली शेवटची दोन अर्धवेळ, कारण आईला पक्षाघात झाला होता. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून भरवायचं, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, हे सगळं त्या करता करता शिकल्या. आई जाऊन चार महिने झाले होते. "आता हात रिकामे वाटतात," म्हणाल्या.

चाळिशी ओलांडून नर्सिंगकडे वळू पाहणारे बहुतेक जण ‘उशीर झाला का?’ हेच विचारत येतात. वयाची अट आहे का, हे जिथे अर्ज करायचा तिथे विचारून घ्यावं, एका फोनचं काम आहे. उदाहरणंच हवी असतील तर 1860 मध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचं प्रशिक्षण विद्यालय सुरू झालं तेव्हा त्या चाळीस वर्षांच्या होत्या, आणि 1855 मध्ये जखमी सैनिकांची सेवा करायला मेरी सीकोल क्रिमियाच्या युद्धभूमीवर पोचल्या तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. पण ही नावं मी सहसा काढत नाही. पहाटे चारला, शरीर झोप मागत असताना, थोरामोठ्यांची चरित्रं कामाला येत नाहीत. ‘चार वर्षांनी वय वाढणारच आहे, मग शिकूनच घ्या’ हा सल्लाही मला अर्धवट वाटतो. चार वर्षांची बुडालेली मिळकत आणि घरातली कामं कोण उचलणार, हे त्यात कुणी धरत नाही. आम्ही तो हिशेब कागदावर मांडला. घरच्यांना दाखवल्याशिवाय पुढे बोलायचं नाही, असं मी बजावलं.

त्यांना धास्ती होती अभ्यासाची, त्यातही औषधांच्या गणिताची. मी एक गणित घातलं: 500 मिली सलाइन चार तासांत द्यायचंय, सेट (सलाइनची नळी) 1 मिलीला 20 थेंबांचा, तर मिनिटाला किती थेंब? त्यांनी कागदही मागितला नाही. "एक्केचाळीस पूर्णांक काहीतरी. बेचाळीस धरायचे का?" मग मी ड्रॉवरमधली गोळ्यांची पट्टी दिली आणि एक्स्पायरी वाचायला सांगितलं. पट्टी लांब गेली, आणखी लांब, शेवटी खिडकीकडे वळली. आम्ही दोघीही हसलो. भीती गणिताची होती आणि दगा दिला डोळ्यांनी! चष्मा, कंबर आणि दिवसा झोप लागणं या तीन गोष्टींची तयारी पुस्तकांच्या आधी करायची, हे त्या दिवशी ठरलं.

पण मला वेगळीच शंका होती. आईला सांभाळणं आणि वॉर्ड सांभाळणं यात फार अंतर आहे. आई एकटी होती, आपली होती. वॉर्डात कितीतरी अनोळखी माणसं असतात. त्यातला एखादा शिव्या देतो, एखादा तुम्ही दुसऱ्याला इंजेक्शन देत असताना जातो. आणि दुःख ताजं असताना प्रत्येक म्हातारीत आई दिसते. म्हणून फॉर्म बाजूला ठेवून आधी तीन महिने एखाद्या वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून जा, त्यात काही रात्रपाळ्याही करा, असं सुचवलं. त्यांना ते आवडलं नाही. तरी गेल्या.

परत आल्या त्या थकून, पण ठाम. आणि त्या भेटीत खरी गोष्ट बाहेर पडली. "मॅडम, पंचविशीतली पोरगी मला सगळ्यांसमोर ‘एवढंही कळत नाही?’ म्हणाली, तर?" अठरा वर्षं त्यांनी नव्या मुलांना काम शिकवलं होतं. आता आपणच नवं व्हायचं, हे त्यांना टोचत होतं. लोकांचं हसणं वगैरे वरवरचं.

इथे नर्सिंगचीच एक शिस्त उपयोगी पडली. तोंडी सांगितलेली ऑर्डर लिहून घेऊन सांगणाऱ्याला परत वाचून दाखवायची असते, मग वीस वर्षं नोकरी झालेली सिस्टर असो की कालची विद्यार्थिनी. ज्या कामात पुन्हा विचारणं हा नियमच आहे, तिथे विचारल्याने कमीपणा कसा येणार? "मला हे येत नाही, एकदा दाखवाल?" हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर पाच-सहा वेळा म्हटलं. पहिल्या दोन वेळा आवाज बसला होता.

सध्या त्या दुसऱ्या वर्षाला आहेत. मध्यंतरी फोन आला. चौदा वर्षांनी लहान असलेल्या मॅडम पहिल्याच आठवड्यात ओरडल्या, तेही चष्म्याच्या दोरीवरून. गळ्यात काही लोंबतं ठेवायचं नाही, गोंधळलेला रुग्ण हिसका देतो.

"मग?"

"मग काय, दोरी काढली. चष्मा आता खिशात असतो."