पुढचं काँक्रीट काढून बाग करायचीय, परवानगी कुणाकुणाची?

यावेळी घराच्या पुढच्या जागेबद्दल बरेच प्रश्न आलेत आणि त्यातले बहुतेक एकाच ठिकाणी अडलेत, की जागा आपली वाटते पण हात लावायचा की नाही ते कळत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, ते नीट वाचा, बाकीच्यांची उत्तरं त्यातच बरीचशी आलीयेत.

प्रश्न: नमस्कार ताई, आमचं टाऊनहाऊस आहे, दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. पुढे साधारण चार बाय पाच मीटर जागा आहे आणि आधीच्या मालकांनी ती सगळी काँक्रीट करून टाकलीय. ऊन असलं की ते इतकं तापतं की संध्याकाळपर्यंत दार उघडवत नाही, आणि पाऊस आला की पाणी मुरायला जागाच नाही म्हणून ते पायरीशी येऊन साचतं. आम्हाला हे फोडून माती भरून झाडं लावायचीयेत. शेजारचे म्हणतात तुमची जागा आहे, काहीही करा. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो परवानगीबिरवानगी काही लागत नाही, उद्या मशीन आणतो. माझे मिस्टर म्हणतात आधी विचारू. कुणाचं ऐकू?

उत्तर: मिस्टरांचं ऐका, आणि कॉन्ट्रॅक्टरला उद्याचं मशीन आणू नको म्हणून आजच सांगा.

तुम्ही ज्याला परवानगी म्हणताय ती एक गोष्ट नाहीये. बागेला सहसा कुणाचाच विरोध नसतो, झाडं लावायला नाही म्हणणारं ऑफिस मी तरी फारसं पाहिलेलं नाही. प्रश्न असतो तो जमिनीचा मालक कोण, खाली काय पुरलंय, पाणी कुठे जाणार आणि गाडी कुठे लागणार याचा. या चार गोष्टींची उत्तरं चार वेगवेगळ्या लोकांकडे असतात आणि एकाने हो म्हटलं म्हणजे बाकीच्यांनी म्हटलं असं होत नाही.

सगळ्यात आधी खरेदीखत आणि त्याच्यासोबतचा नकाशा काढा. टाऊनहाऊसमध्ये मोठा घोळ इथेच असतो. काही ठिकाणी घराखालची आणि पुढची जमीन तुमच्या नावावर असते, काही ठिकाणी जमीन सगळ्यांची सामाईक असते आणि पुढचा तुकडा फक्त तुम्हाला वापरायला दिलेला असतो, आणि काही ठिकाणी जमीन भाडेपट्ट्याने असते म्हणजे मूळ मालक तिसराच कुणीतरी. फक्त वापराचा हक्क असेल तर ते काँक्रीट तुमचं नाही, सोसायटीचं किंवा असोसिएशनचं आहे, ते तुम्ही रोज झाडता म्हणून तुमचं होत नाही. मग कमिटीची लेखी मंजुरी पहिली, बाकी सगळं नंतर. जमीन पूर्ण तुमच्या नावावर असली तरी बाहेरून दिसणारे बदल विचारून करायचे अशी अट बऱ्याच ठिकाणी नियमावलीत असते, तेव्हा तीही वाचा. आणि नकाशात हद्द कुठे संपते ते टेपने मोजून बघा, कारण फुटपाथच्या कडेपर्यंत सगळं आपलंच असं आपण धरून चालतो पण पुष्कळदा शेवटचा पट्टा रस्त्याच्या हद्दीत मोडतो, तिथे खणायची परवानगी वेगळी लागते.

आता महापालिका किंवा तुमच्याकडे जे काही स्थानिक प्रशासन असेल ते. नुसतं काँक्रीट काढून माती आणि झाडं, एवढंच असेल तर बऱ्याच ठिकाणी बांधकाम परवाना लागत नाही, कारण तुम्ही काही बांधत नाही आहात. पण त्याच्यासोबत जी कामं आपोआप जोडली जातात ती परवान्यात येऊ शकतात. माती अडवायला भिंत बांधली, कुंपण उंच केलं, ड्रेनेजचं चेंबर सरकवलं, एखादं जुनं झाड तोडलं, घर वारसा म्हणून जपलेल्या भागात असलं, तर नियम बदलतो. म्हणून ऑफिसात जाऊन "बाग करायला परवानगी लागते का" असं विचारू नका, त्याला नाही असंच उत्तर येईल. अमुक चौरस मीटर काँक्रीट काढतोय, एवढ्या खोलीपर्यंत खणतोय, पाणी या बाजूला सोडतोय, असं सगळं सांगून विचारा.

एक सांगते, म्हणजे तुम्हाला धीर येईल. पुष्कळ ठिकाणी आता सरकारचा कल तुमच्याच बाजूने आहे. इंग्लंडमध्ये 2008 पासून नियम उलटा आहे, घरापुढच्या 5 चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारं फ्लोअरिंग करायचं आणि पाणी रस्त्यावर सोडायचं असेल तर परवानगी घ्यावी लागते, पाणी मुरणारं केलं तर त्यासाठी लागत नाही. जर्मनीत बऱ्याच शहरांत पावसाच्या पाण्याचा आकार, म्हणजे ते गटारात सोडायचं शुल्क, प्लॉटवरच्या झाकलेल्या जमिनीवर लागतो, त्यामुळे काँक्रीट काढलं आणि पाणी गटारात जायचं थांबलं की तो कमी होऊ शकतो. तुमच्याकडेही अशी सूट किंवा अनुदान आहे का ते काम सुरू व्हायच्या आधी विचारा, काम झाल्यावर अर्ज केला तर अनेक योजनांमध्ये काही मिळत नाही.

गाडीचा मुद्दा लोक विसरतात. ते काँक्रीट मंजूर नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेलं असेल तर तुम्ही फरशी नाही, पार्किंग काढताय, आणि घरटी एक पार्किंग ही बांधकाम मंजुरीची अटच असू शकते. तुमच्याकडे गाडी नसली तरी अट घराला लागू असते, माणसाला नाही. अशा वेळी मधला मार्ग निघतो, चाकांखाली दोन पट्टे ठेवायचे आणि मधे-बाजूला माती, किंवा भोकांचे ब्लॉक टाकून त्यात गवत. आणि गाडी चढायला फुटपाथची कड उतरवलेली असेल तर ती परत उचलून घ्यायची का हेही विचारून घ्या, ते काम तुमच्या हद्दीबाहेरचं आहे, स्वतः करू नका.

आता सगळ्यात जीवाचा विषय. काँक्रीटच्या खाली काय आहे? घरापुढूनच सगळ्या लाईनी आत येतात. गॅस, पाणी, वीज, इंटरनेट, सांडपाणी, आणि टाऊनहाऊसमध्ये तर शेजाऱ्याची लाईनही तुमच्या अंगणातून गेलेली असू शकते. ब्रेकर मशीन चालवणाऱ्याला खालची केबल दिसत नाही, ती लागल्यावरच कळते. अमेरिकेत यासाठी 811 हा नंबर आहे, फोन केला की कंपन्यांची माणसं येऊन जमिनीवर रंगाने खुणा करून जातात आणि त्याचे पैसे लागत नाहीत, इतर अनेक देशांतही अशी सोय आहे. पण त्यातही एक मेख आहे, खुणा कंपनीच्या लाईनींच्या होतात, मीटरपासून घरात येणारी किंवा आधीच्या मालकांनी दिव्यासाठी टाकलेली वायर त्यात येत नाही. म्हणून खूण असो नसो, लाईनीच्या आसपास मशीन नको, फावडं आणि हात. अशी सोय नसेल तर गॅस आणि वीज कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आणि अंगणाखाली तळघर, पाण्याची टाकी किंवा सामाईक पार्किंग तर नाही ना ते बघा. असेल तर तुमचं काँक्रीट म्हणजे कुणाचं तरी छत आहे, ते फोडायचं नाही, विषय संपला. त्यावर नुसती माती टाकायची म्हटली तरी एक फूट ओली माती चौरस मीटरला 500-600 किलोपर्यंत जाते, त्याला इंजिनिअरचा लेखी होकार आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही पाहिजे.

पाण्याचं गणित शेजाऱ्यांसाठी करा. तुमची जागा 20 चौरस मीटर, त्यावर 50 मिलिमीटर पाऊस पडला की 1000 लिटर पाणी झालं. आज ते पायरीशी येतंय म्हणजे उतार चुकलाय. माती भरताना उतार घरापासून बाहेरच्या बाजूला द्या, पहिल्या तीन मीटरला साधारण 15 सेंटिमीटर, आणि मातीची पातळी भिंतीतल्या ओलरोधक थरापासून (जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून घातलेला थर) किमान 15 सेंटिमीटर खाली. भिंतीला माती चढवली की ओल येते, वाळवीला वाट मिळते, आणि भिंत शेजाऱ्यांना लागून आहे म्हणजे ओल त्यांच्याकडेही जाणार. आज जे "काहीही करा" म्हणतायत तेच मग दारात उभे राहतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

राडारोडा किती निघेल याचा अंदाज लोकांना नसतो. 10 सेंटिमीटर जाडी धरली तर तुमच्याकडे 2 घनमीटर काँक्रीट आहे, वजन जवळजवळ पावणेपाच टन. ते फुटपाथवर एक रात्र ठेवायचं तरी बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते. कुठे टाकणार ते कॉन्ट्रॅक्टरकडून लिहून घ्या. आणि कापताना पाणी मारायला लावा, काँक्रीटच्या बारीक धुळीत सिलिका असते, ती छातीत बसली की फुप्फुसाचा आजार होतो, कामगारांना नीट मास्क पाहिजेत.

अर्ज साधा ठेवा. एका कागदावर मापासकट स्केच, आत्ताचे फोटो, काय काढणार, उताराचा बाण, चेंबरची झाकणं कुठे आहेत, राडारोडा कुठे जाणार. हाच कागद कमिटीला, हाच ऑफिसला, आणि याचीच प्रत दोन्ही शेजाऱ्यांना.

प्रश्न: कमिटी म्हणते सगळ्या घरांचा पुढचा भाग सारखाच दिसला पाहिजे म्हणून बाग नाही. मग काहीच करता येत नाही का?

उत्तर: आधी तो नियम कुठे लिहिलाय ते मागा, कलम नंबरासकट. लिहिलेलाच नसेल तर ते त्यांचं मत झालं. लिहिलेला असेल तर भांडू नका, एकट्याने अर्ज न करता चार-पाच घरं मिळून एकच नमुना द्या, सगळ्यांची सारखीच वाफ्याची रुंदी, सारखीच कड, झाडांची उंची ठरवलेली. कमिटीला भीती असते ती एकाने केलं की प्रत्येकजण वेगळंच काहीतरी करेल याची, तुम्ही नमुना दिला की ती भीती कमी होते. देखभाल कोण करणार आणि घर विकलं तर नवा मालक करणार का, हेही त्यातच लिहा. काही ठिकाणी पाणी वाचवणाऱ्या बागेला असोसिएशनला सरसकट नाही म्हणता येत नाही असा कायदाही आहे, तुमच्याकडे काय आहे ते बघून घ्या.

प्रश्न: चेअरमन काका फोनवर हो म्हणालेत, तेवढं पुरे ना?

उत्तर: नाही. काका बदलतील, कमिटी बदलेल, तुमची बाग तिथेच राहील. आजच एक मेसेज किंवा ईमेल टाका, "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक काम करतोय, मीटिंगमध्ये मंजूर करून पत्र द्यावं" आणि पत्र हातात येईपर्यंत काम सुरू करू नका.

प्रश्न: आम्ही न विचारता अर्धं काँक्रीट फोडलंय आणि आता नोटीस आलीय. परत काँक्रीट करावं लागेल का?

उत्तर: घाबरू नका पण काम इथेच थांबवा. खड्डा उघडा असेल तर कडेने अडथळा लावा, कुणी पडायला नको, पण माती भरून टाकू नका, तपासायला येणाऱ्यांना खालचं दिसलं पाहिजे. सगळ्या बाजूंनी फोटो काढा. नोटिशीत कुठल्या नियमाचा उल्लेख आहे आणि उत्तराची तारीख काय हे बघा, ती तारीख चुकवू नका, नोटिशीकडे दुर्लक्ष केलं तर साधी गोष्ट दंडापर्यंत जाते. बऱ्याच ठिकाणी झालेल्या कामाला मागाहून मंजुरी घेता येते, त्यासाठी वरच्या उत्तरातलाच कागद लागतो. पार्किंगची अट मोडली असेल तर मात्र थोडं काँक्रीट परत करायची तयारी ठेवा.

प्रश्न: परवानगी वगैरे सगळं झालं, काँक्रीट काढलं, पण खालची माती दगडासारखी आहे आणि लावलेली रोपं पिवळी पडतायत. खत घालून काही फरक नाही.

उत्तर: खताचा दोष नाहीये. काँक्रीट ओतायच्या आधी ती जमीन रोलर फिरवून मुद्दाम दाबलेली असते, वर खडीचा थर, आणि इतकी वर्षं हवा-पाणी-पालापाचोळा काहीच नाही, त्यामुळे मातीतला जीव गेलेला असतो. त्यात फोडताना काँक्रीटचा चुरा मिसळला की चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही, पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी दिसत असतील तर बहुतेक तेच. आधी खडी आणि चुरा वेचून बाहेर काढा, सगळा. मग फूट-दीड फूट खोल माती मोकळी करा, नुसती वरवर नाही, आणि भरपूर कंपोस्ट मिसळा. मातीचा पीएच तपासून घ्या, त्याशिवाय गंधक वगैरे काही टाकू नका. आत्ता जी रोपं आहेत ती काढून कुंडीत ठेवा आणि पहिला हंगाम द्विदल पिकाचं हिरवळीचं खत घ्या, म्हणजे पीक वाढवून तिथेच मातीत गाडा, त्याची मुळं माती फोडतात. घाई केली तर पुन्हा रोपं मरतील आणि तुम्हीच कंटाळून परत फरशी घालाल, तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: आमचं घर कोपऱ्यावर आहे. पुढे उंच कुंपणझाडं लावली तर चालेल का?

उत्तर: कोपऱ्यावर नको. दोन रस्ते मिळतात तिथे वळणाऱ्या गाडीला समोरचं दिसलं पाहिजे म्हणून त्या त्रिकोणी तुकड्यात झाडांची उंची ठरलेली असते, बऱ्याच ठिकाणी अडीच-तीन फूट. तिथे जमिनीलगत पसरणारी झाडं लावा, उंच कुंपण घराच्या बाजूला घ्या. आणि लावताना रोपाची आजची नाही, पूर्ण वाढल्यावरची उंची-रुंदी धरा, नाहीतर दोन वर्षांनी फांद्या फुटपाथवर येतात आणि चालणाऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागतं.