कमी व्होल्टेजला गिझर जास्त करंट घेतो का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गिझरच्या पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असे लिहिले आहे आणि संध्याकाळी घरातले व्होल्टेज १९० पर्यंत उतरते. २००० ला १९० ने भागल्यावर साडेदहा अँपिअर येतात, पण इलेक्ट्रिशियनने टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखे लावून करंट मोजायचे मीटर) लावला तेव्हा त्यात ७.२ च दिसले. मग मीटर चुकले की गणित? मीटर बरोबर आहे. भागाकारातही चूक नाही; चूक आहे ती १९० व्होल्टलाही गिझर २००० वॅटच घेईल, या गृहीतकात.

पाटीवरचे वॅट पाटीवरच्याच व्होल्टेजला खरे असतात. कॉइलच्या बाबतीत जवळजवळ कायम राहणारी गोष्ट म्हणजे तिचा रोध, आणि तो पाटीवरूनच काढता येतो: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट, म्हणजे ५२,९०० भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम. कॉइलमधली तार नायक्रोमची असते आणि तापल्यावर नायक्रोमचा रोध फारच थोडा वाढतो, म्हणून हा आकडा १९० व्होल्टलाही वापरायला हरकत नाही. १९० ला २६.४५ ने भागले की ७.१८ अँपिअर येतात, म्हणजे टाँग टेस्टरने दाखवले तेवढेच. उलट बाजूने, मोजलेल्या दोन आकड्यांवरून रोध काढला तर १९० भागिले ७.२ म्हणजे सुमारे २६.४ ओहम येतो. पाटी आणि मोजमाप इतके जुळत असेल, तर कॉइल उत्तम आहे असे समजावे. एरवी दोहोंत पाच-दहा टक्क्यांचा फरक पडला तरी काळजीचे कारण नसते.

आता शक्ती. १९० गुणिले ७.२ म्हणजे १३६८ वॅट. व्होल्टेज सुमारे १७ टक्क्यांनी उतरले, पण शक्ती ३२ टक्क्यांनी घटली, कारण व्होल्टेज कमी झाले की करंटही त्याच प्रमाणात कमी होतो आणि शक्ती या दोघांचा गुणाकार असते. याचा परिणाम आपल्याला आंघोळीच्या वेळी जाणवत असणार. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता लागते. २००० वॅटला त्यासाठी २१ मिनिटे पुरतात, १३६८ वॅटला जवळजवळ ३१ मिनिटे लागतात. वीज मात्र दोन्ही वेळा साधारण तितकीच, सुमारे ०.७ युनिट, खर्च होते. तेव्हा कमी व्होल्टेजमुळे गिझरचे बिल वाढते, ही समजूत मनातून काढून टाकावी.

‘व्होल्टेज उतरले की करंट वाढतो’ हे वाक्य आपण ऐकले असेल ते बहुधा पंपाच्या मोटरबद्दल, आणि तिथे ते खरे आहे. पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असल्यामुळे मोटरवरचा भार फारसा घटत नाही; व्होल्टेज कमी पडले की मोटर किंचित मंदावते, जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग, म्हणजे तिच्यातली तारेची गुंडाळी, तापते. शेतातल्या मोटारी कमी दाबाने जळतात त्या याच कारणाने. शिवाय मोटरला व्होल्ट गुणिले अँपिअर एवढ्यावर वॅट मिळत नाहीत, त्याला पॉवर फॅक्टरनेही (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला किती भाग खरी शक्ती असतो, हे सांगणारा एकापेक्षा लहान आकडा) गुणावे लागते; आणि व्होल्ट भागिले अँपिअर केले तर येणारा आकडा वाइंडिंगच्या तारेचा रोध नसतो. म्हणून सूत्र हाती घेण्याआधी या उपकरणात कायम काय राहते, हे विचारण्याची सवय मी नव्या मुलांना आवर्जून लावतो.

आपण जुन्या १०० वॅटच्या बल्बचाही उल्लेख केला आहे: मल्टिमीटर ४० ओहम दाखवतो, सूत्राने ५२९ येतात. दोन्ही आकडे खरे आहेत. मल्टिमीटरने थंड फिलामेंट मोजली. पेटल्यावर टंगस्टन अडीच हजार अंशांच्या आसपास पोहोचते आणि तिचा रोध बारा-पंधरा पटींनी वाढतो. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी या बल्बमधून अर्ध्या अँपिअरऐवजी पाच-सहा अँपिअर जाऊ शकतात, आणि झिजलेले बल्ब बहुतेक वेळा चालू करतानाच का उडतात, याचे उत्तर त्यातच आहे.

शेवटी, आपण न विचारलेली पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. गिझरच्या टॉपमध्ये (म्हणजे वायरच्या टोकाच्या प्लगमध्ये) किंवा सॉकेटमध्ये पकड सैल होऊन तिथे फक्त अर्धा ओहम रोध तयार झाला, तर ७.२ चा वर्ग गुणिले ०.५, म्हणजे सुमारे २६ वॅट उष्णता त्या एका टोकावर निघते, आणि पूर्ण व्होल्टेजला ती ३५ वॅटच्या पुढे जाते. लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्यावरच चालते. एका घरी मी असा काळा पडून वितळलेला टॉप काढला होता. एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडला नव्हता, कारण करंट वाढलाच नव्हता, उलट किंचित कमी झाला होता.

म्हणून इलेक्ट्रिशियन पुन्हा येईल तेव्हा त्याच्याकडून गिझरच्या पॉइंटवरचे व्होल्टेज गिझर बंद असताना आणि लगेच चालू करून, असे दोनदा मोजून घ्यावे, आणि तसेच घराच्या वीजमीटरपाशीही. समजा पॉइंटवर १९६ चे १९० झाले, तर ६ भागिले ७.२ म्हणजे सुमारे ०.८ ओहम रोध वाटेत आहे. मीटरपाशीही जवळजवळ तेवढीच घट दिसली तर तो रोध बाहेरच्या लाइनमध्ये आहे. मीटरपाशी एखाद-दुसरा व्होल्टच उतरला आणि पॉइंटवर सहा, तर घरातली वायर अपुऱ्या जाडीची आहे किंवा एखादा जोड सैल आहे. तसे आढळल्यास दुरुस्ती होईपर्यंत गिझर लावू नये.