विचारा बिनधास्त : नुसती चौकशीच तर आहे ना!

प्रश्न : स्फोट झाला की पोलीस संशयावरून माणसं उचलणारच, त्यात निर्दोष असेल तो सुटतो की शेवटी. मग एका समाजावर अन्याय होतो अशी ओरड कशाला? देश आधी ना? – निवृत्त वाचक, नाशिक

उत्तर : काका, देश आधी हे मान्यच आहे. पण सुटतो म्हणजे कधी सुटतो ते बघा ना. तुमच्याच जिल्ह्यातलं घ्या, मालेगाव, 8 सप्टेंबर 2006, शुक्रवार आणि त्यात शब-ए-बारात, बडा कब्रस्तानात गर्दी, नमाज संपून लोक निघतायत आणि स्फोट झाले, तीसहून जास्त लोक गेले, बहुतेक सगळे मुसलमान. आणि पकडले कोण? तर नऊ मुसलमानच, वर मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कडक कायदा). त्यातल्या सात जणांना जामीन मिळायला पाच वर्षं लागली, तोवर तपास एनआयएकडे (केंद्राची राष्ट्रीय तपास यंत्रणा) गेला आणि पुढे त्यांनी वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र ठेवलं. कोर्टाने आरोपमुक्त केलं ते एप्रिल 2016 मध्ये, तेही आठ जणांना, कारण नववा तोपर्यंत वारला होता. आता याला सुटणं म्हणायचं का तुम्हीच सांगा.

हे होतं कसं? साध्या खुनाच्या केसमध्ये पोलिसासमोर दिलेल्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, मकोकात मात्र एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली पुरावा म्हणून चालते (टाडा आणि पोटा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्यांतही हीच सोय होती, ते दोन्ही गेले, मकोका राहिला). एकदा कबुली हातात आली की बाकीचा तपास ढिला पडतो, माणसाचा स्वभावच आहे तो. मुंबईच्या लोकलमधले 11 जुलै 2006 चे सात स्फोट आठवतात ना? 180 हून जास्त माणसं गेली. 2015 ला 12 जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी, आणि 21 जुलै 2025 ला हायकोर्टाने बाराच्या बारा निर्दोष ठरवले, कबुलीजबाब विश्वास ठेवण्यासारखे नाहीत म्हणून. तीनच दिवसांत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून धरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत आत टाकलं नाही. म्हणजे इतकी वर्षं झाली तरी, ज्यांची माणसं त्या डब्यात गेली त्यांना बॉम्ब कोणी ठेवला याचं पक्कं उत्तर नाही. मला खरा राग याचा येतो.

आणि हे एकाच धर्माचं आहे असंही नाही. 2008 च्या मालेगाव स्फोटातले सातही हिंदू आरोपी 31 जुलै 2025 ला पुराव्याअभावी सुटले, तिथेही ज्यांची सहा माणसं गेली त्या घरांच्या हाती काहीच नाही. फरक एवढाच की मालेगावची किंवा मुंब्र्याची पोरं पुण्यात खोली बघायला गेली की नुसतं नाव ऐकून एजंट फोन उचलायचा बंद करतो, आणि त्यावर कुठल्या कोर्टात जाणार? राज्यघटनेचं कलम 15 दुकान, हॉटेल वगैरेत भेदभाव करू देत नाही, पण खासगी घरमालकाला अडवणारा सरळ कायदा आपल्याकडे नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला पोलीस स्टेशनमधून फोन आलाय, "येऊन जा जरा", कारण सांगत नाहीत. पाठवू का? – वाचक, मुंब्रा

उत्तर : ताई, पळायचं नाही आणि फोनवर वादही घालायचा नाही. शांतपणे सांगायचं, साहेब लेखी नोटीस द्या, लगेच येतो. साक्षीदार म्हणून बोलावायचं तरी लेखी आदेश लागतो आणि अटक करायची गरज नसेल तेव्हा हजर राहायची नोटीस देतात, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं (सीआरपीसी) कलम 41 अ, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 35. भाऊ 15 च्या आतला असेल तर साक्षीसाठी त्याला स्टेशनला बोलावताच येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. अटक झालीच तर कारणं लेखी मागा, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) असला तरी ती द्यावीच लागतात, सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये स्पष्ट सांगितलंय, आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथे कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कोऱ्या कागदावर सही अजिबात नाही. आणि एकट्याला पाठवू नकोस, बरोबर कोणीतरी मोठं माणूस दे, आत किती वाजता गेला आणि बाहेर किती वाजता आला ते वहीत लिहून ठेव.