गेम ५ हजाराला पडत असेल तर डिस्क ड्राइव्हवालाच पीएस५ घे भो

तू विचारलंय की नवीन गेम ४,९९९ ला झालाय तर कंपन्या लुटताय का, आणि बिनड्राइव्हचा पीएस५ (सोनीचं गेम खेळायचं मशीन, प्लेस्टेशन ५) स्वस्त पडतोय तर तो घेऊ का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, नको घेऊ.

आता लुटीचं. डॉलरमध्ये बघशील तर गेम तेवढा महाग झालेलाच नाहीये. मायक्रोसॉफ्टचं गेमचं मशीन एक्सबॉक्स ३६० आलं तेव्हापासून, म्हणजे २००५-०६ पासून, मोठा गेम ६० डॉलरचा होता, २०२० मध्ये ७० झाला, आणि २०२५ ला निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने मारिओ कार्ट वर्ल्ड ८० ला काढला तेव्हा जगभर बोंब उठली. मायक्रोसॉफ्टनेही ८० जाहीर केले होते, लोकांनी असं काही धुतलं की काही महिन्यातच परत ७० वर आले. महागाई धरली तर २००६ चे ६० म्हणजे आजचे ९० च्या वर होतात, कंपनीची बाजू घेणारे हेच सांगत फिरतात आणि ते खरंही आहे. पण ७० डॉलर तिकडे अमेरिकेत अगदी किमान मजुरीवाल्यालाही दीड दिवसात सुटतात. आपल्याकडे २०२५-२६ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल, तोही केंद्रावर ओल मोजून माल पास झाला तर. म्हणजे एका गेममागे ६५ किलो कापूस, वेचणीची मजुरी वेगळीच. घरी बापाला कोण सांगणार हे?

म्हणून म्हणतो डिस्क घे. ४,९९९ ची डिस्क खेळून झाली की महिन्याभरात विकायची, जळगाव-भुसावळकडे घेणारे पोरं भेटतात, नाहीतर कुरिअर करायचं. गेम चालणारा असला तर निम्म्याच्या वर पैसे सुटतात. डिजिटलवर, म्हणजे डाउनलोड करून घेतलेला गेम ना विकता येत ना मित्राला देता येत, तुझ्या हातात नुसतं खेळायचं लायसन. यूबीसॉफ्ट कंपनीचा द क्रू हा गेम २०२४ ला सर्व्हरसकट बंद झाला, पैसे मोजलेल्यांनाही खेळता येत नाही (तो डिस्कवर असून पण गेला, कारण ऑनलाइनच होता, ते वेगळं). सेकंडहँड घेताना डिस्क उलटी करून ट्यूबलाइटखाली तिरपी धरायची, बारीक रेघोट्या चालतात, गोल फिरलेला ओरखडा असला तर सरळ परत द्यायची. आणि डबीतला एकदाच चालणारा डाउनलोडचा कोड वापरलेलाच असणार, त्याचे पैसे मोजू नको.

बाकी ४,९९९ हा घाईचा भाव आहे, पहिल्या हप्त्यात ज्याला राहवत नाही त्याच्यासाठी. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० ला आला तो पीएस४ वर इतका बेकार चालायचा की सोनीने आपल्या स्टोअरवरून काढून टाकला. ज्यांनी दोन वर्ष थांबून घेतला त्यांना नीट झालेला गेम भेटला, तोही निम्म्या भावात. निन्टेन्डोचं मात्र असं नसतं, त्यांचे गेम जुने झाले तरी भाव सहसा फार हलत नाही, तिकडे थांबून खास फायदा नाही.

सगळं महागच आहे असंही नाही, सिल्कसाँग नावाचा गेम २०२५ लाच आला, २० डॉलरला, आणि पहिल्या दिवशी गर्दीने ऑनलाइन स्टोअरं बंद पडली होती.

पहिल्या दिवशी घ्यायचं एकच कारण मी मान्य करतो, सगळा ग्रुप तोच गेम ऑनलाइन खेळणार असेल तर. मग थांबून काय करशील, पोरं तोवर पुढच्या गेमवर गेलेली असतात. तुझे मित्र काय खेळताय ते टाक, म्हणजे कोणता आत्ता घ्यायचा आणि कोणता सेलपर्यंत ठेवायचा ते सांगतो.