वाघ्या भाकरीवर जगला, मग सिंबाला का पुरत नाही?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरं

या वेळच्या टपालात कुत्र्यांच्या खाण्याविषयीची पत्रं सर्वांत जास्त होती. त्यातली चार निवडली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली, कारण तोच प्रश्न माझ्या परळच्या दवाखान्यात रोज कुणी ना कुणी विचारतं.

प्रश्न : आम्ही बोरिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमचा सिंबा दोन वर्षांचा देशी कुत्रा आहे, वजन १६ किलो. आधी त्याला पॅकेटचं खाणं द्यायचो. मग बाबा खटाव तालुक्यातल्या गावाहून कायमचे आमच्याकडे आले. ते म्हणतात, "आपला वाघ्या भाकरी-दुधावर बारा वर्षं जगला, कधी डॉक्टरचं तोंड बघितलं नाही. हे गोळ्यांचं कसलं खाणं?" तेव्हापासून सिंबाला ज्वारीची भाकरी आणि दूध, एवढंच. खातो आवडीनं. पण केस फार गळतात, कातडी कोरडी पडली आहे आणि शी सारखी पातळ होते. बाबांचं मन मोडायचं नाही. काय करू?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : तुमचे बाबा खोटं सांगत नाहीत. माझं माहेर शेजारच्या माण तालुक्यातलं. आमच्या वस्तीवरची कुत्रीही भाकरीवरच वाढली. पण वाघ्याला बाबा काय घालत होते आणि वाघ्या दिवसभरात काय खात होता, हे दोन वेगळे हिशेब आहेत.

वस्तीवरच्या कुत्र्याला सकाळी शिळ्या भाकरीचा कुस्करा मिळतो. त्यावर बहुतेक वेळा ताक असतं, नाहीतर धार काढून झाल्यावर चरवी विसळलेलं पाणी. त्याला आपण दूध म्हणतो. तेवढं खाऊन ते कुत्रं उठतं आणि रानात जातं. कडब्याची गंज हलवली की खालून निघालेले उंदीर त्याचेच. घूस, सरडा, टोळ, कोंबडीनं आडोशाला घातलेलं अंडं, मेलेली कोंबडी, म्हैस व्याल्यावर पुरलेली वार उकरून काढलेली, यातलं काहीही ते सोडत नाही. गावात बकरं कापलं की आतडी-कातडी ओढून नेणारं पहिलं कुत्रं तेच. मेंढरांबरोबर फिरणाऱ्या धनगरांच्या कुत्र्यांचंही असंच. वाड्यावर मिळते ती भाकरी, बाकीचं कुत्रं आपलं आपण बघतं. मांस, चरबी, हाडं, कलेजी हे सगळं वाघ्याला बाहेर मिळत होतं. बाबांनी ते ताटलीत वाढलं नव्हतं, म्हणून त्यांच्या हिशेबात ते आलंच नाही. सिंबा बोरिवलीत पट्ट्याला बांधून दोन वेळा खाली उतरतो. त्याच्या वाट्याला फक्त ताटली आली.

भाकरी कुत्र्याला पचत नाही असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. माणसाबरोबर राहून कुत्र्याचं पोट बदललं आहे. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, हे २०१३ साली 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं. प्रश्न भाकरी पचण्याचा नाही. भाकरीत जे नाही, ते कुठून येणार हा आहे.

सिंबाचाच हिशेब मांडू. १६ किलोच्या, घरात राहणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ९०० कॅलरी लागतात. मध्यम आकाराच्या चार भाकऱ्या आणि कपभर दूध दिलं की तेवढ्या भरतात. म्हणून त्याचं पोट भरतं, वजनही उतरत नाही आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. प्रथिनं तीस ग्रॅमच्या आसपास जातात, पण ती बहुतेक ज्वारीची आणि ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल फार कमी. कॅल्शियम त्याला रोज सुमारे १ ग्रॅम हवं. या खाण्यातून ते ३०० मिलिग्रॅमच्या घरात जातं. राहिलेलं शरीर हाडांतून काढत राहतं आणि हे बाहेरून लवकर दिसत नाही. पिल्लू असतं तर पाय वाकले असते, ते दिसलं असतं. त्वचेला लागणारं जस्त आणि स्निग्ध आम्लंही कमी पडतात. केस आणि कोरडी कातडी यांचा संबंध बहुधा तिथे आहे. पातळ शी दुधामुळे होत असावी, कारण मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. दूध बंद करा, दोन चमचे दही किंवा ताक द्या. तरीही एकदा जवळच्या डॉक्टरांकडून त्वचा तपासून घ्या. गोचीड, खरूज किंवा बुरशी असेल तर नुसतं खाणं बदलून भागणार नाही.

आता बाबांचं. भाकरी बंद करायची अजिबात गरज नाही, ती त्यांनाच थापू द्या. रोज दोन भाकऱ्या, २०० ग्रॅम बिनहाडाचं उकडलेलं चिकन, एक उकडलेलं अंडं, वाटीभर शिजवलेला लाल भोपळा किंवा दुधी आणि चमचाभर तेल. शिजवताना कांदा, लसूण, मीठ, मसाला काही नाही. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरमधून अगदी पिठासारखी बारीक करून ठेवा आणि त्यातली अर्धा छोटा चमचा रोज कालवा. त्यातून साधारण १ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. आठवड्यातून एकदा चिकनऐवजी थोडी कलेजी-पेटा द्या, पण कलेजी रोज नको, अ जीवनसत्त्व साठत जातं. इतकं करूनही जस्त, आयोडीन आणि ड जीवनसत्त्व कमी पडतं. कुत्र्याला उन्हात बसवून ड पुरेसं मिळत नाही, त्याची कातडी माणसासारखी ते बनवत नाही. त्यासाठी डॉक्टरांना विचारून पूरक पावडर घ्या. हे सगळं रोज जमणार नसेल तर एक वेळ पॅकेट आणि एक वेळ बाबांची भाकरी-चिकन, हाही चांगला मार्ग आहे. माझ्याकडे येणारी अनेक कुटुंबं हेच करतात आणि त्यांची कुत्री छान आहेत. बदल मात्र सात-आठ दिवसांत हळूहळू करा.

आणखी एक गोष्ट बाबांशी बोला, हळुवारपणे. वाघ्या बारा वर्षं जगला, पण त्याच्या वेतातली बाकीची पिल्लं किती जगली? आयसर कोलकाताच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या मोकळ्या कुत्र्यांची ३६४ पिल्लं पाहिली. त्यातली वयात येईपर्यंत फक्त १९ टक्के उरली. कुणी गाडीखाली गेलं, कुणी आजारानं. गावाकडे जे कुत्रं म्हातारं होतं, ते आपल्या लक्षात राहतं. जी गेली त्यांना बहुतेकदा नावही मिळालेलं नसतं. मला त्या पिल्लांचं फार वाईट वाटतं, आणि 'गावात कुत्र्याला काही होत नाही' हे वाक्य ऐकलं की ती आठवतात.

प्रश्न : आमच्याकडे श्रावणात घरात मांस-मच्छी येत नाही, अंडंही नाही. आमची कॉकर कुत्री एरवी चिकन-भात खाते. गेल्या श्रावणात तिला एकदम वरण-भातावर आणलं, तर चार दिवस जुलाब झाले आणि नंतर ती मलूल राहिली. सासूबाई म्हणतात, घरातल्या सगळ्यांचा श्रावण असतो. यंदा काय करावं?
— एक वाचक, दादर

उत्तर : महिनाभर मांस नसलं तर कुत्र्याचं काही बिघडत नाही. मांजर असती तर मी ठाम नाही म्हटलं असतं. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य आणि तयार अ जीवनसत्त्व प्राण्यांच्या अन्नातूनच लागतं. कुत्र्याला नीट आखलेलं शाकाहारी खाणं चालतं. गेल्या वर्षी बिघडलं ते दोन कारणांनी. बदल एका दिवसात झाला, आणि चिकन गेलं त्याच्या जागी प्रथिनांचं तसं काही आलं नाही. पातळ वरणात डाळ किती असते ते तुम्हीच बघा.

श्रावण लागायच्या आठवडाभर आधीपासून रोज थोडं चिकन कमी आणि थोडं पनीर वाढवत न्या. पनीर, दही, भिजवून उकडून पिळलेले सोयाचे तुकडे आणि मऊ शिजवलेली मुगाची घट्ट डाळ यांवर महिना निघतो. पूरक पावडर तिलाही लागेलच. सासूबाईंची हरकत नसेल तर पॅकेटचं खाणं बाल्कनीत, तिच्या वेगळ्या भांड्यात द्या. तुमच्या स्वयंपाकघरातलं एकही भांडं त्यात जात नाही. व्रत माणसानं घेतलेलं असतं, मुक्या जिवाला ते लागू नाही, असं माझी आजी म्हणायची, आणि ती स्वतः कडक पाळणारी होती.

श्रावणातली खरी भीती मला वेगळीच वाटते. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात. प्रसाद म्हणून सगळ्यांना देतात, कुत्र्यालाही देतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि कोणाला किती बेदाण्यांनी होईल हे आधी सांगता येत नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसरं थोडक्यात जातं. तिनं खाल्ले असतील तर उलट्या सुरू व्हायची वाट बघू नका, त्याच तासात दवाखाना गाठा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. प्रसाद द्यायचाच तर तिच्यासाठी बेदाणे घालण्याआधीचा चमचाभर शिरा बाजूला काढा.

आणि श्रावणाच्या आदल्या दिवसाबद्दल. गटारीनंतरच्या सकाळी दवाखान्यात ठरलेली गर्दी असते. मटणाच्या नळीचं कडं खालच्या जबड्यावर चढून सुळ्यांच्या मागे अडकलेलं, कुत्रं पंजानं तोंड ओरबाडतंय, लाळ आणि रक्त एक झालंय, आणि घरचे म्हणतायत, "एकच हाड दिलं होतं." ते कडं भूल देऊन कापावं लागतं. ही त्यातली नशीबवान कुत्री. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याचे टोकदार तुकडे आतड्यात रुततात, नाहीतर चुऱ्याचा दगडासारखा गोळा होऊन शी अडते. शिजलेलं हाड देऊ नका, चिकनचं तर नाहीच.

प्रश्न : लालबागला चाळीत राहतो. कुत्र्याचं महागडं पॅकेट परवडत नाही. खाटीक ओळखीचा आहे, तो बकऱ्याचं फुफ्फुस आणि बाकीचे तुकडे स्वस्तात देतो. ते कच्चंच द्यावं असं मित्र म्हणतो. अधूनमधून चहाबरोबर ग्लुकोज बिस्किटं देतो.
— एक वाचक, लालबाग

उत्तर : खाटकाकडचे तुकडे घ्या, पण कच्चे देऊ नका. मेंढी-बकऱ्याच्या फुफ्फुसात आणि कलेजीत कधीकधी पाण्यानं भरलेले फोड दिसतात. ती एकायनोकॉकस नावाच्या फीतकृमीची अवस्था असते. कुत्र्यानं ते खाल्लं की त्याच्या आतड्यात कृमी वाढतो, त्याची अंडी शीमधून बाहेर येतात आणि घरातल्या माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतात तसेच फोड होतात. चाळीत मुलं कुत्र्याशी लोळत खेळतात, म्हणून हे जरा जोर देऊन लिहिते. फोड दिसले तर तो भाग टाकून द्या, उकिरड्यावर मात्र नको. बाकीचं खळखळून पूर्ण शिजवा आणि जंताचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी चुकवू नका. लसूण घालून जंत पडत नाहीत. उलट कांदा-लसणानं कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात आणि रक्त कमी होतं.

नुसत्या फुफ्फुसावर भागवू नका. त्याबरोबर भात किंवा भाकरी, एखादं अंडं आणि टरफलाची पूड द्या, वर सिंबासाठी लिहिलंय त्याच मापात, वजनाप्रमाणे. अंडं हे स्वस्त आणि चांगलं प्रथिन आहे.

बिस्किटं थांबवा. मैदा, साखर आणि तेल एवढंच त्यात असतं. शंभर ग्रॅमला साधारण ४५० कॅलरी, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याची दिवसाची निम्म्याहून जास्त भूक एका पुड्यात. रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही प्रेमानं लोक तेच घालतात. त्याऐवजी भाताबरोबर उकडलेलं अंडं कुस्करून द्या. चहा कुणालाच नको. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगमही त्याच्या तोंडाशी येऊ देऊ नका, त्यानं रक्तातली साखर झपाट्यानं उतरते.

प्रश्न : आम्ही वर्सोव्याच्या कोळीवाड्यातले. आमची कुत्री पिढ्यान् पिढ्या मासळीवर वाढली. नवीन सुनेनं लॅब्रॅडोर आणला आहे, ती म्हणते मासे नको, काटा अडकेल. कोणाचं बरोबर?
— एक वाचक, वर्सोवा

उत्तर : मासळी उत्तम आहे. प्रथिनं चांगली, आणि बांगड्या-तारलीतली चरबी कातडीला फार मानवते. सूनबाईंची काळजीही खरी आहे. बंदरावर वाढलेलं कुत्रं लहानपणापासून डोकी चावून खायला शिकलेलं असतं. लॅब्रॅडोर चावत नाही, गिळतो. त्याला बांगडा उकडून, मधला काटा ओढून काढून, बोटांनी चाचपून भातात कालवून द्या. बोंबील मऊ असतो, तोही शिजवलेलाच द्या. काही कच्च्या माशांत थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं, शिजवलं की ते जातं. सुकट आणि सुके बोंबील खारवलेले असतील तर देऊ नका, मीठ फार होतं. कालवणातला तुकडा धुऊन देऊ नका, कांदा-लसणाचा रस आत मुरलेला असतो. मासळी निवडतानाच त्याचा वाटा वेगळा काढून ठेवायचा.

लॅब्रॅडोर वर्षाच्या आतला असेल तर नुसत्या मासळी-भातावर ठेवू नका. मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं झपाट्यानं वाढतात. तोवर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं पॅकेट हेच मुख्य खाणं असू द्या, आणि मासळी वरून थोडी. वय आणि वजन मला कळवलंत तर मोजमाप पुढच्या अंकात देते.