थर्मामीटरचा बल्ब नेमका कुठे?

प्रश्न : अ‍ॅसिटोन आणि पाण्याचं मिश्रण ऊर्ध्वपातनाला (उकळवून, वाफ गार करून द्रव वेगळे करायला) लावलं. थेंब पडायला लागले तरी थर्मामीटर 41 अंशांवरच. बिघडलाय का?

उत्तर : आधी वाकून, डोळे साइड ट्यूबच्या (वाफ बाहेर नेणाऱ्या आडव्या नळीच्या) पातळीला आणून बल्ब बघा. बल्बचं वरचं टोक साइड ट्यूबच्या तोंडाच्या खालच्या कडेशी आलं पाहिजे. बल्ब त्याहून वर असला, तर वाफ त्याला पुरतं न भिजवताच कंडेन्सरकडे (वाफ गार करणाऱ्या नळीकडे) वळते आणि रीडिंग कमी येतं. मांडणी बरोबर असेल तर बल्बच्या टोकाला द्रवाचा एक थेंब लोंबकळताना दिसतो. तो दिसेपर्यंत मी माझ्या विद्यार्थ्यांना रीडिंग लिहूच देत नाही. उलट बल्ब द्रवात बुडवलात, तर उकळत्या मिश्रणाचं तापमान मिळेल, आणि ते वाफेपेक्षा जास्तच असतं.

प्रश्न : आम्ही पुण्यात शिकतो. शुद्ध अ‍ॅसिटोन 54 अंशांना येतं, पुस्तकात 56 आहे. जर्नलमध्ये 56 लिहू का?

उत्तर : अजिबात नको! पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचावर आहे. तिथे हवेचा दाब 760 ऐवजी 710 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, त्यामुळे पाणीसुद्धा 98 अंशांनाच उकळतं. 54 लिहा आणि शेजारी त्या दिवशीचा दाब नोंदवा. थर्मामीटरबद्दल शंका असेलच, तर ठेचलेला बर्फ आणि थोडं डिस्टिल्ड वॉटर एकत्र करून त्यात बल्ब बुडवा. शून्य दाखवलं की निदान त्या टोकाला तरी तो खरा आहे.

प्रश्न : अ‍ॅसिटोन-पाण्याच्या मिश्रणात पारा 55 वर स्थिर होता, मग अचानक 47 वर घसरला. आंच तर तेवढीच होती.

उत्तर : तेवढीच होती म्हणूनच घसरला. अ‍ॅसिटोन बहुतेक निघून गेलंय आणि पाण्याची वाफ अजून चंबूच्या (उकळायच्या काचपात्राच्या) मानेपर्यंत चढत नाहीये, म्हणून बल्ब कोरडा पडतोय. थेंब जमा होतात ते भांडं बदला आणि मँटलची (चंबूखालच्या विजेच्या शेगडीची) आंच वाढवा. (अ‍ॅसिटोनजवळ उघडी ज्योत नसणार, असं गृहीत धरतो.) एवढं करूनही पारा चढला नाही, तर डोक्यावरचा पंखा बंद करा आणि चंबूच्या मानेला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा.

प्रश्न : पारा सारखा खालीवर उड्या मारतो.

उत्तर : उकळी शांत ठेवणारे पोर्सिलेनचे (चिनीमातीचे) तुकडे टाकायचे राहिलेत. आता आठवलं म्हणून गरम चंबूत टाकू नका, सगळं उसळून कंडेन्सरमध्ये जाईल. आधी गार होऊ द्या. आणि मध्येच उकळी थांबली असेल तर जुना तुकडा चालत नाही, त्याची छिद्रं द्रवाने भरलेली असतात, नवा घ्या.