मोरचूद एक किलो, चुना एक किलो. मग मोल गेला कुठे?

प्रश्न : पपईच्या बुंध्याशी ओतायला घरी एक टक्का बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक) करतात. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. त्यांच्या रासायनिक समीकरणात दोन्ही एकास एक आहेत, म्हणून वजनंही सारखी घेतात का? (अकरावी, शहादा)

उत्तर : नाही, तो योगायोग आहे, आणि फसवा आहे. समीकरणातलं 'एकास एक' हे कणांचं प्रमाण. तराजूला कण कळत नाहीत, ग्रॅम कळतात. म्हणून आधी ग्रॅमचे मोल करायचे (रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम म्हणजे एक मोल, आणि कोणत्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये कण सारखेच), मग प्रमाण लावायचं, शेवटी मोलचे पुन्हा ग्रॅम.

मोरचुदाचा खडा म्हणजे कॉपर सल्फेट आणि त्याला चिकटलेले पाण्याचे पाच रेणू. तांबं ६३.५, गंधक ३२, चार ऑक्सिजन ६४, पाणी ९०, एकूण २४९.५. म्हणून १००० ग्रॅम म्हणजे जवळपास ४ मोल. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ४० अधिक ऑक्सिजन १६, एकूण ५६. त्याच्या ४ मोलचं वजन २२४ ग्रॅम. म्हणजे शाळेतल्या साध्या समीकरणाप्रमाणे पाव किलोही चुना लागत नाही! (स्फटिकजल, म्हणजे ते चिकटलेलं पाणी, विसरून १५९.५ ने भागलं, तर हेच उत्तर ३५१ ग्रॅम येतं. परीक्षेत सर्वाधिक गुण इथंच जातात.)

मग किलोभर कशाला? मुद्दाम. मोकळं कॉपर सल्फेट राहिलं तर पानं, कोवळी मुळं करपतात. चुना जास्त झाला तर तेवढं बिघडत नाही. शिवाय बाजारातला चुना शुद्ध नसतो. पोतं उघडं राहिलं की तो हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याची हळूहळू चुनखडी होते. असा भुकटी झालेला जुना चुना वजनाला किलो भरतो, पण कामाला येत नाही. खडे असलेला ताजा चुनाच घ्यावा.

चुना पुरला की नाही, हे पाहायला विळ्याचं पातं घासून चकचकीत करा आणि मिश्रणात थोडा वेळ बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर तांबं अजून मोकळं आहे. चुन्याची निवळी थोडी थोडी घालून पुन्हा तपासा. लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर काढतं, ही दहावीतलीच विस्थापन अभिक्रिया. त्याच कारणानं लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नये, प्लास्टिकची घ्यावी. मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि चुना ५० लिटर पाण्यात वेगवेगळा करून मग ढवळत एकत्र करायचा. चुना विझताना पाणी उकळून अंगावर उडतं, तेव्हा डोळे सांभाळा. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

प्रश्न : अमोनियम सल्फेटच्या गोणीवर नायट्रोजन २० टक्क्यांच्या वर छापलेला आहे. माझं उत्तर १२.३ येतं. गोणी खोटी की मी? (नववी, रावेर)

उत्तर : गोणी बरोबर आहे. (NH₄)₂SO₄ या सूत्रातला कंसाबाहेरचा २ तू सोडलास. सूत्रात अमोनियमचे दोन गट आहेत, म्हणजे नायट्रोजन २८ आणि रेणुवस्तुमान १३२. २८ भागिले १३२, गुणिले १०० केलं की २१.२ टक्के येतात. एकच गट धरला तर १४ भागिले ११४, म्हणजे तुझे १२.३. गोणीवरचा आकडा २१.२ पेक्षा किंचित कमी असतो, कारण खतात थोडी ओल आणि अशुद्धी असते.

हाच हिशेब युरियाचा करून बघ. एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन. बेरीज ६०, त्यात नायट्रोजन २८, म्हणजे ४६.७ टक्के. गोणीवर ४६ असतं. ४५ किलोच्या गोणीतून केळीला २०.७ किलो नायट्रोजन मिळतो. तेवढाच अमोनियम सल्फेटमधून द्यायचा तर ५० किलोच्या दोन गोण्या उचलाव्या लागतात.

प्रश्न : कोणत्याही वायूचा एक मोल २२.४ लिटर, हे भुसावळच्या मे महिन्यातही खरं का? (भुसावळ)

उत्तर : नाही. तो आकडा शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाचा आहे. ४५ अंशाला २२.४ ला ३१८ ने गुणून २७३ ने भागा, सुमारे २६.१ लिटर येतात. नव्या पुस्तकांत २२.७ दिसलं तर दचकू नका. तिथं दाब एक बार, म्हणजे एक वातावरणापेक्षा किंचित कमी, धरलेला असतो. आणि हे सारं फक्त वायूंसाठी. द्रवरूप पाण्याच्या एका मोललाही २२.४ लिटर लिहिणारे दरवर्षी भेटतात. ते पाणी असतं १८ ग्रॅम, म्हणजे १८ मिलिलिटर, चार चमचेसुद्धा नाही.